चेक बाउन्स झाला, वकील मात्र चांगले भेटले
द्राक्षाच्या व्यापाऱ्याचा २ लाख ४० हजारांचा चेक परत आला, खात्यात पैसेच नाहीत, मी हातपाय गाळूनच नाशिकच्या या वकिलांकडे गेलो. त्यांनी आधी बँकेच्या रिटर्न मेमोची (चेक का परत आला ते सांगणारी चिठ्ठी) तारीख बघितली कारण चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत चेक बाउन्सच्या कलम १३८ ची नोटीस जायलाच पाहिजे, माझे २२ झाले होते! नोटीस मिळाली की समोरच्याला १५ दिवस, नाही दिले तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात केस. व्यापारी म्हणे चेकवर रक्कम तुम्हीच लिहिली, वकील म्हणाले सही त्याची ना, कोरा चेक सही करून दिला तरी देणं असलेल्या रकमेची जबाबदारी त्याच्यावरच. चौदाव्या दिवशी पैसे जमा. फी आधीच स्पष्ट सांगितली. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, वडिलांना फार त्रास झाला.