पित्ताशयाच्या ऑपरेशनची केस आणि शनिवार पेठेतल्या वकीलबाई

नाव देत नाही. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची मनाई आहे आणि "माझं नाव कुठं लिहू नका" असं बाईंनीच बजावलंय. शनिवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर ऑफिस, लिफ्ट नाही. हॉस्पिटलचं नावही लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे.

ह्यांचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. खडे गेले, पण पित्तनलिकेला इजा झाली. पोट फुगलेलं असताना घरी सोडलं. मग कावीळ, दुसऱ्या हॉस्पिटलात स्टेंट आणि शेवटी पोट उघडून मोठं ऑपरेशन.

आधी ज्या वकिलांकडे गेलो होतो ते म्हणाले, पन्नास लाख मिळवून देतो, त्यातले वीस टक्के माझे. बाईंना हे सांगितलं तर त्या हसल्या. निकालाच्या रकमेत वाटा ठरवायला वकिलाला बंदीच आहे म्हणे. त्यांनी स्वतःची फी तिथल्या तिथं कागदावर लिहून दिली.

"नळीला इजा झाली एवढ्यावर केस उभी राहत नाही, वहिनी," हे त्यांचं पहिलंच वाक्य. मी चिडले. मग त्यांनी समजावलं की हा या ऑपरेशनचा माहीत असलेला धोका आहे, चांगल्या सर्जनच्या हातूनही होतो. प्रश्न असा, की इजा लक्षात कधी यायला हवी होती आणि लक्षात आल्यावर काय केलं? त्यासाठी सगळे केसपेपर हवेत. हॉस्पिटल नुसतं डिस्चार्ज कार्ड पुढं करत होतं. बाईंनी अर्ज लिहून दिला, पोच घ्यायला लावली. मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचे, असं डॉक्टरांच्या २००२ च्या नियमावलीतच आहे. कागद आले. नर्सिंग चार्टची पानं त्यांनी आमच्यासमोर एकेक करून वाचली. डिस्चार्जच्या आदल्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढतं ते रक्तातलं द्रव्य, वाढलेलं, पोट दुखत असल्याची नर्सची नोंद, आणि खाली डॉक्टरांची सही. आमची केस त्या एका पानावर उभी आहे. त्यांच्या फीचे पैसे तिथंच वसूल झाले असं मी समजते.

बिल मेडिक्लेममधून गेलं होतं, म्हणून आम्ही ग्राहक ठरतो का ही शंका होती. ठरतो. पैसे विमा कंपनीनं भरले तरी सेवा फुकट होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच सांगितलंय. तक्रारीचं शुल्कही लागलं नाही, कारण भरलेलं बिल पाच लाखांच्या आत होतं. मुदत मात्र दोन वर्षांची. ऑपरेशनच्या वेळी पोटात गॉज राहिल्याच्या एका केसमध्ये पेशंट बऱ्याच वर्षांनी आयोगाकडे गेली म्हणून २०१० मध्ये तिची तक्रार उडाली.

मला पोलिसांत जायचं होतं. बाईंनी थांबवलं. फौजदारीसाठी निष्काळजीपणा फारच ढळढळीत लागतो, सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालानंतर तर पोलीस आधी सरकारी डॉक्टरांचं मत मागवतात.

किती वर्षं लागतील, असं ह्यांनी विचारलं. उत्तरादाखल त्यांनी जोशी-गोडबोले खटला सांगितला. १९५३ साली पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाचा पाय मोडला, त्याला पुण्यात आणलं, नीट भूल न देता हाड बसवलं, तो गेला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला १९६८ साली, डॉक्टरांच्या विरोधात. ह्यांनी पुढं काही विचारलं नाही.

आता तक्रारी. बाई फोन उचलत नाहीत, रात्री अकराला व्हॉइस मेसेज टाकतात. ज्युनिअरनं प्रतिज्ञापत्रात ह्यांचं वय दहानं वाढवलं, परत टाइप करून परत नोटरी, आणि तो खर्च आमच्याच माथी. तज्ज्ञाचं मत लागतं आणि त्याची फी वेगळी, हे फार उशिरा कळलं. पुण्यातले सर्जन एकमेकांविरुद्ध लिहायला तयार होईनात, शेवटी बाहेरगावचे एक निवृत्त डॉक्टर मिळाले.

समोरच्यांचं लेखी म्हणणं आलंय, साक्षीपुरावे व्हायचेत. तोपर्यंत पाचपैकी चार तारे.

जायचं तर संध्याकाळी सहानंतर जा आणि कागद तारखेप्रमाणे लावून न्या, नाहीतर जिन्यातूनच परत पाठवतात. झेरॉक्स बाहेरून काढा. ऑफिसात पानाला पाच रुपये घेतात.