बाणेर-बालेवाडीत कुत्र्याला सोबत घेऊन खायला जाताना: एक पावसाळा, एक हिवाळा आणि अर्ध्या उन्हाळ्याचा अनुभव

आमची बुंदी गावठी आहे. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, वजन १८ किलोच्या आसपास, वय तीन-साडेतीन वर्षं. आम्ही पुण्यात बाणेरला राहतो, दोघंही नोकरी करतो. आठवडाभर ती घरात आमची वाट बघणार आणि सुट्टीच्या दिवशीही आम्ही तिला कोंडून जेवायला जाणार, हे पटेना. म्हणून गेल्या जूनपासून बाहेर खायचं ते शक्यतो तिला घेऊनच, असं ठरवलं. बाणेर, बालेवाडी, औंध, पाषाण हा आमचा नेहमीचा टापू. कधीतरी कल्याणीनगर आणि कोरेगाव पार्क.

हॉटेलांची नावं मुद्दाम देत नाही. एवढ्या काळात एका ठिकाणी मॅनेजर बदलला आणि दुसऱ्याच आठवड्यात कुत्र्यांना बंदी झाली, तर दुसऱ्या एका ठिकाणी आधी नाही म्हणणारे नंतर स्वतःहून पाण्याचं भांडं आणून ठेवायला लागले. चांगली जागा कशी ओळखायची, हे सांगणं जास्त टिकेल.

'पेट फ्रेंडली' ही पाटी किंवा अ‍ॅपवरची खूण फार थोडं सांगते. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार खाद्यपदार्थांच्या जागेत पाळीव प्राण्यांना प्रवेश नसतो, त्यामुळे बहुतेक ठिकाणी कुत्र्यांना फक्त बाहेरच्या उघड्या भागात बसू देतात. तो बाहेरचा भाग म्हणजे कुठे झाडाखालचं ऐसपैस अंगण असतं, तर कुठे पार्किंग आणि जनरेटर यांच्या मधली दोन टेबलं. अ‍ॅपवर दोन्हीला एकच खूण. मी आता गेल्या गेल्या आधी पायाखाली बघते. गुळगुळीत टाइल्स असतील तर बुंदीचे पाय घसरतात, ती नखं रोवून उभी राहते आणि शेवटपर्यंत धड बसत नाही. सगळ्यात उत्तम म्हणजे साधी माती किंवा जुनी शहाबादी फरशी. खरबरीत असते, सावलीत गार राहते आणि पटकन धुता येते. हल्ली सगळीकडे प्लॅस्टिकचं हिरवं गवत अंथरतात. फोटोत छान दिसतं, पण उन्हात भयंकर तापतं आणि आधीच्या कुत्र्यांच्या लघवीचा वास त्यात मुरलेला असतो. तो वास आला की पुढचं प्रत्येक कुत्रं तिथेच पाय वर करतं, त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष?

टेबलांमधलं अंतरही तितकंच महत्त्वाचं. ताट घेऊन जाणारा माणूस कुत्र्याच्या शेपटीवर पाय न देता जाऊ शकला पाहिजे. आम्ही नेहमी भिंतीकडचं कोपऱ्यातलं टेबल मागतो, बुंदीला भिंतीच्या बाजूला बसवतो आणि पट्टा हातात किंवा पायाखाली धरतो. खुर्चीला पट्टा कधीही बांधू नका. प्लॅस्टिकची खुर्ची हलकी असते. कुत्र्याने झटका दिला की ती मागून खडखडत येते, त्याने कुत्रं आणखी घाबरतं आणि मग धावतच सुटतं. एका संध्याकाळी शेजारच्या टेबलावरच्या एका बीगलचं असंच झालं. ते पिल्लू रस्त्याच्या कडेपर्यंत गेलं होतं. वॉचमनदादांनी झडप घालून पट्टा धरला म्हणून निभावलं.

आता जे मला मनापासून सांगायचं आहे ते. बालेवाडीतल्या एका ठिकाणी आम्ही आधी फोन करून विचारलं होतं. "हो हो, या ना, पेट्स अलाउड आहेत," असं उत्तर मिळालं. दारात पोचलो तर मॅनेजरने बुंदीकडे बघून विचारलं, "ब्रीड कोणती?" मी म्हटलं, गावठी. तो म्हणाला, "मॅडम, मग अवघड आहे. इथे ब्रीडवाले कुत्रे येतात, लोक तक्रार करतात." आत दोन लॅब्रेडॉर आणि एक शित्झू बसलेले मला दिसत होते. माझ्या पिशवीत तिचं लसीकरणाचं कार्ड होतं, महापालिकेच्या परवान्याची प्रत होती. त्याने दोन्हीकडे पाहिलंसुद्धा नाही. पुणे महापालिका पाळीव कुत्र्याला परवाना देताना रेबीजची लस घेतल्याचं प्रमाणपत्र मागते, जातीवरून गावठीला नाकारत नाही. मग हॉटेलवाल्याने का नाकारावं? लसीचं कार्ड मागा, पट्टा मागा, हवं तर आक्रमक कुत्र्याला तोंडाची जाळी घालायला सांगा. हे सगळं रास्त आहे. पण नुसती कातडी बघून दारातून परत पाठवणं हा अपमान आहे. पुण्यात गावठी कुत्री दत्तक घेणारी माणसं आता भरपूर आहेत. त्यांनी फोनवरच स्पष्ट सांगावं, "आमची गावठी आहे." जो तेव्हा अडखळेल त्याच्याकडे जाऊच नये. आम्ही आता हेच करतो.

याच्या अगदी उलट अनुभव सकाळच्या मिसळीच्या ठिकाणी आला. रविवारी पहाटे बाणेरच्या टेकडीवर तुकाई मंदिरापर्यंत चढून यायचं आणि खाली उतरल्यावर मिसळ खायची, हा आमचा क्रम. त्या जागेवर पेट फ्रेंडली वगैरे काही लिहिलेलं नाही. पत्र्याची शेड, बाहेर मातीचं अंगण, लाकडी बाकं. पहिल्यांदा आम्ही अंगणाच्या कडेला उभं राहूनच विचारलं, तर गल्ल्यावरच्या काकांनी हाताने बाक दाखवला आणि आत आवाज दिला, "एक वाटी पाणी आण रे, स्टीलची नको, ती मातीची घे." कुत्र्याचं भांडं वेगळं असावं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. ते गावाकडचे, घरी दोन कुत्री होती म्हणाले. बुंदी बाकाखाली पाय ताणून झोपते, आम्ही निवांत दुसरा पाव मागवतो. सकाळी साडेसातच्या आत गेलं तर गर्दी नसते. नवानंतर मात्र मोठाली कुटुंबं येतात, रांग लागते, तेव्हा आम्ही स्वतःहून उठतो.

बालेवाडी हाय स्ट्रीट संध्याकाळी दिसायला सगळ्यात आकर्षक. बाहेर बसायची सोय आहे, फिरायला मोकळी जागा आहे. पण शुक्रवार-शनिवारी रात्री तिथे कुत्रं नेणं मला क्रूर वाटतं. दोन-तीन ठिकाणांचं संगीत एकमेकांवर आदळत असतं. कुत्र्याला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त ऐकू येतं. बुंदी तिथे सारखी जांभया द्यायची आणि ओठ चाटायची. लोकांना वाटायचं तिला झोप आली किंवा भूक लागली. खरं तर ही ताणाची लक्षणं आहेत. मंगळवारी-बुधवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला तीच जागा अगदी छान असते.

कुत्र्यांसाठी वेगळा मेन्यू ठेवणारी कॅफेही पाहिली. पपकेक, क्रीमचा कप, हाडाच्या आकाराची बिस्किटं. माझं मत स्पष्ट आहे: पैसे वाया. क्रीमने बऱ्याच वाढलेल्या वयाच्या कुत्र्यांचं पोट बिघडतं. त्यापेक्षा स्वयंपाकघरात नीट सांगून मीठ, मसाला, कांदा-लसूण काहीही न घालता उकडलेलं बिनहाडाचं चिकन आणि भात मागवा. स्वस्तही पडतं. शाकाहारी ठिकाणी आम्ही तिला साधी इडली देतो, सांबार-चटणी अजिबात नाही. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, शिजवून त्यातलं विष जात नाही. पुण्यातल्या कुठल्याही ग्रेव्हीत हे दोन्ही असणारच, त्यामुळे 'थोडीशी ग्रेव्ही लावून पोळी' हे सुद्धा नको. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कॉफी हे तर नाहीच. शुगर फ्री पदार्थांत झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असू शकतं आणि तेही घातक. शिजलेल्या कोंबडीच्या हाडाचे अणकुचीदार तुकडे होतात, म्हणून तंदुरीची हाडं प्लेटमध्येच ठेवा. शेजारच्या टेबलावरची मुलं प्रेमाने काहीतरी पुढे करतात, त्यांना हसून पण ठामपणे थांबवावं लागतं. अमृततुल्यवर उभं राहून चहा पिताना कुणी ना कुणी बिस्किट देतंच. तिथे मी एक तुकडा चालवून घेते, चहा मात्र नाही.

पावसाळ्याने बरंच शिकवलं. ओलं कुत्रं कुणालाच शेजारी नको असतं, आणि ते बरोबरच आहे. आम्ही जुना टॉवेल पिशवीत ठेवतो आणि आत शिरण्याआधीच तिला पुसतो. पण त्याहून मोठा प्रश्न गोचिडांचा. लॉनवाली ठिकाणं, विशेषतः जिथे बरीच कुत्री येतात तिथली, पावसाळ्यात गोचिडांनी भरलेली असतात. त्यातून येणारा गोचीडताप पुण्यात नवा नाही. भूक जाते, ताप येतो, प्लेटलेट्स उतरतात. ओळखीतल्या एका कुत्र्याला सलाइनवर ठेवावं लागलं. आमच्या डॉक्टरांनी तोंडावाटे द्यायची गोळी सुरू केली. काही गोळ्या महिन्याला द्याव्या लागतात, काही १२ आठवडे चालतात. वजनाप्रमाणे मात्रा असते, त्यामुळे डॉक्टरांना विचारूनच. शिवाय साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा जंतूंचा आजार होऊ शकतो, म्हणून अंगणातल्या डबक्याचं पाणी तिला पिऊ देत नाही. स्वतःची घडीची वाटी आणि बाटली बरोबर असतेच.

जुलैपासून गणपतीपर्यंत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो, नदीकाठच्या आणि मैदानांजवळच्या जागा तेव्हा कुत्र्यासाठी नाहीतच. दिवाळीचा आठवडा तर आम्ही बाहेर पडलोच नाही.

हिवाळा मात्र सोन्यासारखा. डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या उन्हात बाहेर बसावं, बुंदीने ऊन खात लोळावं. औंधमधल्या एका जुन्या बंगल्यात चालणाऱ्या कॅफेत आम्ही या दोन महिन्यांत सर्वाधिक गेलो. मागे आंब्याचं झाड, खाली शहाबादी, दोन टेबलांत चांगलं अंतर. कॉफी ठीकठाक, ऑम्लेट उत्तम, बिल जरा जास्त. तिथला वाढणारा मुलगा आधी आमची ऑर्डर घेतो आणि मग विचारतो, "हात लावू का?" कुत्र्याला हात लावण्याआधी विचारणारा वेटर मला फार आवडतो.

आता एप्रिलमध्ये दुपारी जाणं पूर्ण बंद. पारा चाळिशीला टेकतो, डांबर त्याहून तापलेलं असतं. हाताचा मागचा भाग पाच सेकंद रस्त्यावर ठेवून बघा, तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसत नाही. कुत्रं मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतं. पग, शित्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तेही नीट जमत नाही. पाण्याचे फवारे मारणारे पंखे असले तरी कुत्रं खाली जमिनीलगत असतं, तिथपर्यंत तो गारवा पोचत नाही.

इतर गिऱ्हाइकांबद्दल माझा अनुभव एकंदर चांगला आहे. "चावत नाही ना हो?" असं विचारणाऱ्या काकूंना मी नेहमी सांगते, "घाबरली तर कुठलंही कुत्रं चावू शकतं काकू, म्हणून मी पट्टा धरलाय." खोटा दिलासा देण्यापेक्षा हे त्यांना जास्त पटतं. कुणी खरंच घाबरत असेल, तर टेबल आम्ही बदलायचं, त्यांनी नाही. लहानपणी कुत्रा चावून पोटात इंजेक्शनं घेतलेल्या पिढीतली माणसं आजही जेवायला येतात, त्यांची भीती खरी आहे.

बाहेरच्या भटक्या कुत्र्यांचाही विचार करावा लागतो. हॉटेलच्या दाराशी त्यांचा इलाका असतो, पाळलेलं कुत्रं आलं की ती भुंकत अंगावर येतात. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांना रस्त्यावर कुठेही न खिलवता नेमून दिलेल्या जागीच खाऊ घालावं असं सांगितलं. तरी उरलेलं जेवण दाराशीच ओतणारी हॉटेलं आहेत. जिथे हे चालतं तिथे मी बुंदीला नेत नाही, कारण खाण्यावरूनच भांडणं जुंपतात. ज्या ठिकाणी मालकांनी आसपासच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लस करून घेतली आहे, तिथली कुत्री शांत असतात आणि त्यांच्या कानाला छोटी खाच दिसते. ती खाच दिसली की मला हायसं वाटतं.

कल्याणीनगर-कोरेगाव पार्कात जागा जास्त आहेत आणि लोकांनाही सवय आहे. पण बाणेरहून तिकडे जायचं म्हणजे रिक्षा. रिक्षावाले दादा कुत्रं बघून निघून जातात. चादर आधीच हातात दिसली तर थांबणारे बरेच निघतात, आणि उतरताना वीस-तीस रुपये वरती दिले तर परतीच्या वेळेलाही नंबर देऊन ठेवतात.

जाण्याआधी फोनवर मी आता एवढंच विचारते: बाहेर सावली किती वाजेपर्यंत असते, खाली फरशी कसली आहे, त्या दिवशी गाणं-बजावणं आहे का, आणि आमची गावठी आहे, चालेल ना? पलीकडचा माणूस शेवटच्या प्रश्नावर लगेच "या की" म्हणाला, तर टेबल सांगून ठेवते.