क्रिमिनॉलॉजी अँड जस्टिस : पहिलं वर्ष संपत आल्यावरचा अनुभव

ओळखीतले बरेच जण विचारतात की क्रिमिनॉलॉजीला, म्हणजे गुन्हेगारीच्या अभ्यासाला, ऍडमिशन घेऊ का, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकते. लांबलंय, पण घाईत ठरवण्यासारखी गोष्ट नाहीये ही.

आधी सरळ सांगते, मला हा कोर्स मनापासून आवडलाय. पण बहुतेक जण ज्यासाठी येतात ते इथे फारसं मिळत नाही. सीरियल किलरचं डोकं कसं चालतं, रक्ताच्या डागांवरून खुनी कसा शोधतात, हे शिकायचं असेल तर फॉरेन्सिक सायकॉलॉजी किंवा फॉरेन्सिक सायन्स बघा, त्या वेगळ्या डिग्र्या आहेत. आमच्या वर्गातले काही जण पहिल्या महिन्यातच याच कारणाने सोडून गेले. इथे विचारलं जातं की एखादी गोष्ट गुन्हा आहे हे ठरवतं कोण, पकडलं कोण जातं आणि सुटतं कोण, शिक्षेने नक्की काय साधतं, आणि हे सगळं आपल्याला कळतं कशावरून. हा शेवटचा प्रश्न म्हणजे या डिग्रीचा जीव आहे असं माझं ठाम मत झालंय.

पहिल्या सेमिस्टरला थिअरीचा मारा असतो. सुरुवात बेकारियापासून, हा इटालियन माणूस १७६४ मध्ये लिहून गेला की शिक्षा किती कडक आहे यापेक्षा ती होणारच याची खात्री किती आहे, यावर माणूस आवरतो. आजचं संशोधनही बरंचसं त्याच बाजूला जातं, म्हणजे पकडलं जाण्याची शक्यता वाढली तर गुन्हे कमी होतात याला बऱ्यापैकी पुरावा आहे, नुसती शिक्षेची वर्षं वाढवून होतात याला फारच कमी. मग १८७६ चा लोम्ब्रोसो, जो कवटी आणि जबडा बघून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो म्हणायचा. तो चुकला होता हे पहिल्या तासालाच कळतं, तरी त्याच्यावर वेळ घालवतात आणि ते मला पटलं, कारण फोटोवरून गुन्हेगार ओळखून दाखवतो म्हणणारे लोक अजूनही अधूनमधून उगवतात, फक्त आता हातात सॉफ्टवेअर असतं. पुढे मर्टन, सदरलँड, बेकर, हिर्शी अशा अभ्यासकांची रांगच लागते. मला हिर्शी आवडला, त्याने १९६९ मध्ये प्रश्नच उलटा केला, लोक गुन्हा का करतात हे सोडा, बाकीचे का करत नाहीत ते सांगा. आणि सदरलँडने १९३९ च्या भाषणात सूट घातलेल्या, कंपन्या चालवणाऱ्या लोकांच्या गुन्ह्यांकडे बोट दाखवलं, तोपर्यंत गुन्हेगारी म्हणजे गरिबांचीच असं या विषयातले लोकही धरून चालले होते. परीक्षेसाठी हे सगळं पाठ करावं लागतं आणि शेवटी शेवटी एकच गोष्ट चार नावांनी शिकतोय असं वाटायला लागतं, ते खरंच कंटाळवाणं आहे.

आता आकडेवारी. रिसर्च मेथड्स हा पेपर सगळे टाळायला बघतात, मी म्हणेन त्याच्यासाठीच या. पोलिसांकडे नोंदवलेले गुन्हे वाढले म्हणजे गुन्हे वाढले असं नसतं, कदाचित लोकांचा विश्वास वाढला आणि ते तक्रार द्यायला पुढे आले, कदाचित कायद्यातली व्याख्या बदलली, कदाचित पोलिसांनी एकाच प्रकारच्या गुन्ह्याच्या मागे लागायचं ठरवलं. म्हणून अमेरिकेने १९७० च्या दशकात आणि ब्रिटनने १९८२ पासून सरळ घरोघरी जाऊन विचारायला सुरुवात केली की गेल्या काही महिन्यांत तुमच्यासोबत काय झालं, आणि त्यात दिसलं की कितीतरी गोष्टी पोलिसांपर्यंत पोचतच नाहीत. हे शिकल्यापासून 'गुन्ह्यात इतके टक्के वाढ' अशी हेडलाइन दिसली की मी आधी हे आकडे मोजले कोणी आणि कसे ते शोधते.

ज्या एका अभ्यासाने माझं डोकं पार हलवलं तो सांगते. केंब्रिज-सॉमरव्हिल, अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स, काम सुरू झालं १९३९ मध्ये. पाचशेच्या वर मुलं, त्यांच्या एकमेकांशी मिळत्याजुळत्या जोड्या लावल्या, आणि जोडीतल्या एकाला मदत, दुसऱ्याला नाही. मदत म्हणजे साधीसुधी नाही, समुपदेशक महिन्यातून साधारण दोनदा भेटायचे, सरासरी पाचेक वर्षं, अभ्यासाला शिकवणी, दवाखाना, घरच्यांना आधार, उन्हाळी शिबिरं. कोणीही म्हणेल याच्याहून चांगलं काय असणार. मग जोन मॅकॉर्ड या संशोधिकेने तीस वर्षांनी त्यातल्या जवळपास सगळ्यांना शोधून काढलं आणि १९७८ मध्ये निकाल छापला. मदत मिळालेल्यांपैकी दोन तृतीयांश माणसं म्हणाली की कार्यक्रमाचा आम्हाला फायदा झाला. पण रेकॉर्ड बघितलं तर उलटंच, दारूचं व्यसन, मानसिक आजार, पुन्हा गुन्हा करणं, लवकर मरण, या सगळ्यात मदत मिळालेलाच गट जास्त वाईट निघाला. नंतरच्या तपासात असं दिसलं की जास्त नुकसान झालं ते शिबिरांना एकापेक्षा जास्त वेळा गेलेल्या मुलांचं, म्हणजे कदाचित मुलं एकत्र आली आणि नको त्या गोष्टी एकमेकांकडूनच शिकली. मी ते आकड्यांचं टेबल कितीतरी वेळ बघत बसले होते. मदत करणाऱ्या कोणाचाच हेतू वाईट नव्हता, मुलंही खूश होती, आणि तुलनेसाठी दुसरा गट ठेवलेला नसता तर हा कार्यक्रम यशस्वी म्हणूनच मिरवला असता. आज किती योजना अशाच, कोणी न मोजता, टाळ्यांवर चालू असतील याचा विचार करून मला खरंच अस्वस्थ व्हायला होतं.

न्यायाच्या बाजूचं म्हणाल तर सेमिनारमधला एक तास कायम लक्षात राहील. मॅडमनी एक पानाची केस वाटली, एकोणीस वर्षांच्या मुलाने धक्का देऊन एका बाईचा फोन हिसकावला, ती पडली, मनगट मोडलं, मुलाचा हा दुसरा गुन्हा. प्रत्येकाने शिक्षा लिहायची, कारणासकट. कोणी सामाजिक सेवा लिहिली, कोणी चार वर्षं तुरुंग. मग मॅडमनी सांगितलं की वाटलेल्यांपैकी निम्म्या प्रतींवर एक ओळ जास्त होती, मुलगा अनाथाश्रमात वाढलाय म्हणून, आणि वर्गाची फाळणी बरीचशी त्या ओळीवरच झाली होती, पण गंमत म्हणजे दोन्ही दिशांना, काहींनी त्यासाठी शिक्षा कमी केली तर काहींनी 'घरचा आधार नाही, परत करेल' म्हणून वाढवली. नंतरचा सगळा वेळ त्या बाईबद्दल बोललो, कारण कोणीच, अगदी कोणीच, तिला काय हवंय ते लिहिलं नव्हतं. नॉर्वेच्या निल्स क्रिस्ती या अभ्यासकाने १९७७ मध्ये हेच मांडलंय की भांडण ज्यांचं असतं त्यांच्या हातून वकील आणि सरकार ते काढून घेतात. तोपर्यंत वाचून नीट कळलं नव्हतं, त्या दिवशी कळलं.

खटकलेल्या गोष्टीही सांगते. अभ्यासक्रम फारच अमेरिका-ब्रिटनमध्ये अडकलाय, शिकागोच्या वस्त्यांवरून काढलेले निष्कर्ष सगळ्या जगाला लागू असल्यासारखे शिकवतात, आणि बाकीच्या जगातलं संशोधन कुठेतरी एका आठवड्यात उरकतात. दुसरं, मनावर ताण येतो. घरगुती हिंसा, मुलांवरचे अत्याचार, चुकीच्या ओळखीमुळे वर्षानुवर्षं आत राहिलेली निर्दोष माणसं, हे सलग वाचायचं असतं आणि वर्गात कोणीतरी असं असतंच ज्याच्या घरात हे घडलंय. आमच्याकडे याची तयारी अगदीच तोकडी होती, लेक्चरच्या सुरुवातीला एक स्लाइड दाखवली की झालं. मी रात्री केस फाइल्स वाचणं बंद केलं, त्याने फरक पडला.

नोकरीचं म्हणाल तर ही वकिलीची डिग्री नाही आणि पोलीसभरतीचा पासही नाही. प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली ठेवलेल्यांसोबतचं काम), तुरुंगातलं पुनर्वसन, पीडितांना मदत करणाऱ्या संस्था, धोरण आणि संशोधन, डेटा ऍनालिसिस अशा वाटा आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी आधी प्रत्यक्ष काम केलंय का ते विचारतात. म्हणून ऍडमिशनच्या आधी दोनच गोष्टी बघा, कोर्समध्ये प्लेसमेंट, म्हणजे शिकतानाच एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम, आहे का आणि स्टॅटिस्टिक्स पहिल्या वर्षापासून आहे का. दोन्ही नसतील तर मी तरी तिथे जाणार नाही.

पुढच्या वर्षी मी गुन्हेगारी सुटते कशी यावरचा पेपर घेतेय. सॅम्पसन आणि लॉब या दोघा संशोधकांना हार्वर्डच्या तळघरात खोक्यांमध्ये जुन्या फाइल्स मिळाल्या, बॉस्टनच्या पाचशे बालगुन्हेगारांच्या, आणि त्यातल्या माणसांना त्यांनी सत्तरीपर्यंत शोधलं. लग्न, नोकरी, सैन्य, अशा वळणांवर बरेच जण गुन्हेगारीतून सुटत गेले, आणि वय वाढलं तसे जवळपास सगळेच. हे कोणाच्या लहानपणावरून आधी सांगता आलं असतं का, तर फारसं नाही. त्या पेपरला जागा कमी असतात, तुमच्याकडे असेल तर फॉर्म उघडल्या दिवशीच भरा.