अर्धा किलो हुलगे आणि घरघंटी

आमच्या खालच्या गिरणीत अर्धा किलो हुलगे दळून मिळत नाहीत. गिरणीवाल्या काकांचंही चुकत नाही. एवढंसं दळण जात्यातच बसतं, वर आधीच्या गव्हाचं पीठ त्यात मिसळतं. ज्वारी-बाजरी तर फक्त गुरुवारी, आणि गुरुवारी माझी बँक.

सासूबाई मंगळवेढ्याच्या. तिथल्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे मी मोठ्या कौतुकाने सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "आत्ता होय?" अशा बाईला धायरीच्या फ्लॅटमध्ये पिशवीतल्या पिठाची भाकरी वाढायची! थापताना कडा चिरल्या की ओट्यापलीकडून आवाज यायचा, "विरी गेलीय पिठाची." ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नाही. पीठ शिळं झालं की ते धरतच नाही, मग कितीही उकळतं पाणी ओता.

शेवटी मागच्या वर्षी घरघंटी, म्हणजे विजेवरची घरगुती गिरणी, घेतली. एक हॉर्सपॉवरची, सहा जाळ्या, 17,500 रुपये. जोडायला आलेल्या मुलाने पहिलं दळण तांदळाचं काढलं आणि ते टाकून द्यायला सांगितलं. सासूबाईंनी ते डब्यात भरलं आणि महिनाभर दारात रांगोळीला वापरलं.

हिच्यात गिरणीसारखं जातं नाही. आत स्टीलची पाती फिरतात, दाणा फुटतो आणि जाळीतून गळेल तेवढाच बाहेर येतो. म्हणजे पीठ जाड की बारीक, ते जाळी ठरवते. ज्वारीला मी बारीक जाळी लावते, लापशीच्या रव्याला मोठी. चार किलो गव्हाला साधारण अर्धा तास लागतो, म्हणजे अर्धं युनिटसुद्धा जळत नाही. विजेच्या बिलाचा बाऊ करू नका.

बाऊ करायचा तर आवाजाचा करा. मिक्सरचा आवाज दोन मिनिटांत संपतो, हा अर्धा तास चालतो. शेजारी तान्हं बाळ आहे, म्हणून आम्ही सकाळी अकराच्या सुमाराला लावतो. पीठ गरम निघतं. ते परातीत पसरून निवल्याशिवाय डब्यात भरलं तर घाम धरून गोळे होतात, हे मी चार किलो पीठ घालवून शिकले. खालची पिशवी नीट बसली नाही तर स्वयंपाकघरात पिठाचा पाऊस. आतली सफाई ब्रशने, दर वेळी, पंधरा मिनिटं. पत्रकात लिहिलेली दुरुस्तीसेवा कागदावरच आहे. बटण अडकलं तेव्हा नऊ दिवस फोन केले, शेवटी कोपऱ्यावरच्या वायरमनने चाळीस रुपयांत काम केलं.

चकलीची भाजणी मात्र अजून गिरणीतच जाते. घरची थोडी रवाळ येते आणि चकली तेलात हसते. दोन दिवाळ्या करून बघितलं, आता हट्ट सोडला. शेंगदाणे-तीळ तर हिच्यात घालूच नका, तेल सुटून जाळी बुजते.

पण बाजरी! बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होतं, म्हणून पूर्वी आमच्याकडे ती जेमतेम भोगीला, तीळ लावून. आता थंडीभर आठवड्याला किलोभर दळते. भाकरी टम्म फुगते, तिचा पापुद्रा सोडवून मुलगा आत लोणी कोंबतो. हाच मुलगा पोळीशिवाय काही खात नव्हता.

आणि हुलगे. पहिल्यांदा अर्धा किलो दळले त्या दिवशी सासूबाई खुर्ची घेऊन यंत्रासमोर बसल्या होत्या. पीठ चिमटीत चोळून पाहिलं, लसूण-मिरची-जिरं वाटून त्यात मळलं आणि पोळपाटावर बोटांखाली वळून शेंगोळे केले. मुलाने वळलेले वेगळे ओळखू यायचे, गांडुळासारखे. फोडणीच्या पाण्याला उकळी आल्यावर सोडले. गुडघेदुखी विसरून बाई तासभर उभ्या होत्या. ताटलीत शेंगोळे, वर कच्चं तेल, बाजूला कांदा. त्या दिवशी विरीबद्दल कोणी बोललं नाही.

घरात फक्त गव्हाच्या पोळ्या होत असतील तर एवढे पैसे घालू नका, खालची गिरणी उत्तम. आमच्यासारखी पाच धान्यं आणि एक मंगळवेढ्याची सासू असेल तर घ्या, आणि घेताना हुलग्याच्या जाळीचं आधी विचारून घ्या. मला ती वेगळी मागवावी लागली.