चन्नपट्टणची लाखेची खेळणी : अंगणवाडीतल्या आठ महिन्यांच्या वापरानंतर

फेब्रुवारी ते सप्टेंबर, म्हणजे यवतमाळकडचा अख्खा उन्हाळा, पूर्ण पावसाळा आणि तान्हा पोळासुद्धा. कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या या संचात ओढायच्या दोन गाड्या, रिंगांचा मनोरा, सहा भोवरे आणि चार खुळखुळे. रोज वीसेक पोरांच्या हाती.

या खेळण्यांना ब्रशने रंग देत नाहीत. लेथवर फिरत्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी दाबतात. घर्षणाने लाख वितळून लाकडावर बसते, मग केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणतात. लाकूड ‘आले मारा’ (कानडी नाव) या झाडाचं, म्हणजे आपला काळा कुडा. लाख तर गोंदिया-गडचिरोलीकडे पळस-कुसुमावर घेतात तीच, किड्यांची राळ. टिपू सुलतानाने इराणी कारागीर आणून ही कला चन्नपट्टणला रुजवली असं मानतात. पुढे बावस मियाँ या कारागिरांनी जपानी तंत्राची भर घातली.

लाख म्हणजे काय हे कळलं की निगा आपोआप कळते. ती अल्कोहोलमध्ये विरघळते. त्यामुळे सॅनिटायझरने पुसलेल्या मनोऱ्याच्या दोन रिंगा तिथल्या तिथे चिकट झाल्या, लाल रंग बोटांना लागला, चकाकी गेली ती गेलीच. वॉशिंग सोडाही नको, क्षाराने लाख सुटते. साधं ओलं फडकं फिरवायचं, लगेच कोरड्याने टिपायचं, एवढंच. 65-70 अंशांना लाख मऊ पडू लागते, म्हणून मे महिन्यात टिनाच्या पत्र्यावर किंवा उभ्या गाडीच्या काचेखाली खेळणं ठेवू नये. खोलीतल्या 45 अंशांना मात्र काहीच झालं नाही.

खरा त्रास जुलैत. दमट हवेने लाकूड फुगतं आणि चाकं आसावर अडकतात. जोर लावला तर आस मोडतो. गाडी दोन दिवस सावलीत वाऱ्याला ठेवावी, आसावर 220 नंबरचा पॉलिश पेपर दोन-तीन फेरे हलक्या हाताने फिरवावा आणि मेणबत्ती घासावी. तेल घालू नये, धूळ बसून लगदा होतो. उन्हाळ्यात उलटं होतं, लाकूड आटून खुंट्या सैल पडतात. फेविकॉल लावून सुतळीने आवळून 24 तास ठेवलं की पक्क्या बसतात.

गाड्या मुरमाच्या रस्त्यावर ओढल्या तर चाकाच्या कडेची लाख आठवड्यात जाते. फरशीवर आठ महिन्यांनीही शाबूत आहे. तान्ह्या पोळ्याला नंदीबैलाऐवजी या गाड्या काढू नयेत, त्यांची चाकं त्या रस्त्याची नाहीत. टवका उडालेल्या जागी नेलपॉलिश किंवा ऑइलपेंट लावू नका, पोरं तोंडात घालतात. कड घासून लाकूड उघडंच राहू द्यावं.

घेताना खालच्या बाजूला, दिसणार नाही तिथे, स्पिरिटचा बोळा घासून बघा. लाख असेल तर रंग कापसावर येतो, ऑइलपेंट सहसा तसा सुटत नाही. लेथची लाख फक्त गोल फिरणाऱ्या भागावर चढते. सपाट किंवा कोरलेला भाग सारखाच चकाकत असेल तर तिथे रंग वेगळा मारलेला आहे. आणि जो भाग 3.2 सेंटिमीटर व्यासाच्या नळीत पूर्ण मावतो, तो तीन वर्षांखालच्या लेकराच्या हाती अजिबात देऊ नका. खुळखुळ्याचे मणी म्हणूनच दर महिन्याला ओढून तपासावेत.