ब्लूमिंग्टन की बोल्डर? कॅम्पसजवळ घर घेण्याआधी ‘फ्रॅट’चे नियम

अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीच्या गावात घर बघायला लागलं की छताचं वय, तळघरातली ओल, मालमत्ता कर या सगळ्याची चौकशी होते. दोन घरं सोडून पलीकडे दारावर ग्रीक अक्षरं लावलेली मोठी इमारत कोणत्या परवानगीवर उभी आहे, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. पहिल्या फुटबॉल शनिवारी रात्री दीड वाजता तो प्रश्न आपोआप पडतो. तोवर कर्जाचे हप्ते सुरू झालेले असतात.

म्हणून इथे दोन गावं शेजारी शेजारी ठेवतो. एक इंडियानातलं ब्लूमिंग्टन, म्हणजे इंडियाना युनिव्हर्सिटीचं गाव. दुसरं कोलोरॅडोतलं बोल्डर. दोन्हीकडे फ्रॅटर्निटी जुन्या, दोन्हीकडे रहिवासी वैतागलेले. पण कायद्याची चौकट अगदी उलट. तुमचं गाव तिसरंच असेल, तरी त्याची नियमावली या दोघांपैकी कुणाच्या जवळ जाते हे बघितलं की बराच उलगडा होईल.

आधी थोडी पार्श्वभूमी. फ्रॅटर्निटी (बोलताना ‘फ्रॅट’) म्हणजे कॉलेजच्या मुलांचा क्लब, सोरॉरिटी मुलींचा; दोघांची नावं ग्रीक अक्षरांची, म्हणून त्यांची घरं ‘ग्रीक घरं’; सदस्य एकत्र राहतात आणि इमारत बहुधा माजी सदस्यांच्या कंपनीच्या मालकीची असते. झोनिंगच्या, म्हणजे गावाच्या कोणत्या भागात कसला वापर चालेल हे ठरवणाऱ्या नियमांच्या, पुस्तकात दोघांची गणती साधारण एकाच रकान्यात होते. शेजाऱ्याच्या दृष्टीने मात्र फरक मोठा आहे. मोठ्या राष्ट्रीय सोरॉरिटींनी आपल्या घरात दारूला बंदी घातलेली आहे, त्यामुळे पार्ट्या फ्रॅटमध्येच होतात. सोरॉरिटीशेजारचं घर केवळ अक्षरं बघून नाकारू नका. (‘एका घरात अमुकपेक्षा जास्त बायका राहिल्या तर कायद्याने तो कुंटणखाना ठरतो, म्हणून आमच्या कॅम्पसवर सोरॉरिटीची घरं नाहीत’ ही कथा पेनसिल्व्हेनियापासून कितीतरी ठिकाणी ऐकू येते. ती निव्वळ वावडी आहे.)

एका घरात परक्या माणसांनी किती संख्येने राहावं हे गाव ठरवू शकतं का, याचं उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये दिलं. न्यू यॉर्कमधल्या लाँग आयलंडवर बेल टेअर नावाचं चिमुकलं गाव आहे. नात्यात नसलेल्या दोनपेक्षा जास्त माणसांनी एका घरात राहू नये, असा तिथला नियम. स्टोनी ब्रुक युनिव्हर्सिटीचे सहा विद्यार्थी एका घरात राहिले आणि प्रकरण वॉशिंग्टनपर्यंत गेलं. ७ विरुद्ध २ मतांनी गाव जिंकलं. न्यायमूर्ती डग्लस यांनी निकालात फ्रॅटर्निटी हाउसचा नाव घेऊन उल्लेख केला: गर्दी, गाड्या आणि आवाज यांना आळा घालणं हे गावाचं रास्त काम आहे, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेच्या राज्यघटनेपुरता हा निकाल आजही उभा आहे. पण राज्यांना आपापल्या घटनेनुसार किंवा कायद्याने वेगळं ठरवायची मुभा आहे, आणि ब्लूमिंग्टन आणि बोल्डर यांच्या वाटा तिथेच फुटतात.

ब्लूमिंग्टन बेल टेअरच्या वाटेने गेलं. तिथल्या एककुटुंब विभागात नात्यात नसलेले तीनच प्रौढ एका घरात राहू शकतात. हा नियम इंडियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये वैध ठरवला. आता चाळीस मुलांचं फ्रॅट हाउस अशा गावात उभं कसं राहतं? त्याच्यासाठी नियमावलीत वेगळी व्याख्या आहे, आणि तिच्यात मेख मारलेली आहे: युनिव्हर्सिटीने ज्या संस्थेला मान्यता दिली आहे, तिचंच घर फ्रॅटर्निटी हाउस. मान्यता गेली की ती इमारत झोनिंगच्या दृष्टीने फ्रॅटर्निटी राहतच नाही.

२०१८ मध्ये हे प्रत्यक्षात घडलं. टाऊ कॅपा एप्सिलॉन या फ्रॅटर्निटीच्या तिथल्या शाखेची मान्यता युनिव्हर्सिटीने काढून घेतली. दोन मुलं घरातच राहिली आणि शहराने इमारतीच्या मालक कंपनीला नोटीस बजावली. कंपनी कोर्टात गेली. मुद्दा बिनतोड वाटत होता: झोनिंग ठरवायचा अधिकार शहराचा, तो युनिव्हर्सिटीच्या हातात कसा दिला? खालच्या दोन्ही कोर्टांनी तो मानलाही. पण २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. व्याख्या शहरानेच केली आहे, युनिव्हर्सिटी फक्त आपल्या विद्यार्थी संस्थांपुरतं ठरवते, त्यामुळे अधिकार कुणी कुणाला दिलेला नाही, असं न्यायालय म्हणालं. मला हा निकाल मालकाच्या बाजूने बघताना जरा कठोर वाटतो. घरमालकाने काहीही न करता त्याच्या इमारतीचा वापर एका पत्राने बेकायदा होतो. पण घर घेणारे तुम्ही शेजारी असणार आहात, आणि शेजाऱ्याला याहून भक्कम नियम क्वचितच मिळतो.

बोल्डरची कहाणी बरोबर उलट्या टोकाची. २००४ मध्ये तिथल्या एका फ्रॅटर्निटीत नव्या सदस्याचा दारूच्या अतिसेवनाने मृत्यू झाला. युनिव्हर्सिटी ऑफ कोलोरॅडोने फ्रॅटर्निटींपुढे करार ठेवला: नव्या मुलांची भरती वसंत सत्रापर्यंत पुढे ढकला, घरात निवासी देखरेख ठेवा. फ्रॅटर्निटींनी सही केली नाही. २००५ मध्ये त्या युनिव्हर्सिटीपासून वेगळ्या झाल्या आणि स्वतःची परिषद काढून ‘हिल’वर, म्हणजे कॅम्पसला लागून असलेल्या युनिव्हर्सिटी हिल या वस्तीत, राहिल्या. मान्यता नाही, पण घरं आहेत. ब्लूमिंग्टनमध्ये ज्या कारणाने घर रिकामं होतं, ते कारण बोल्डरमध्ये घराच्या उंबऱ्यापर्यंतही पोहोचत नाही. शहराच्या हाती उरतात ते आवाजाचे नियम, कचऱ्याचे नियम, पोलीस. हिलवर गादीचे सोफे बाहेर व्हरांड्यात ठेवायलाही बंदी करावी लागली, कारण पोरं ते रस्त्यावर आणून पेटवत. एवढ्यावरून वस्तीच्या स्वभावाची कल्पना यावी.

डोकी मोजायचा नियम बोल्डरमध्येही होता: बऱ्याच भागांत तीन, काही ठिकाणी चार. २०२१ मध्ये तो सैल करायचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला, २०२३ मध्ये शहराने मर्यादा पाचवर नेली, आणि २०२४ मध्ये राज्याने कायदा करून हा प्रकारच मोडीत काढला. नातं आहे की नाही यावरून माणसं मोजायची नाहीत. आग, आरोग्य, सांडपाणी अशा कारणांनी मर्यादा घालता येते, बाकी नाही. आयोवाने असाच कायदा २०१७ मध्ये केला होता, ओरेगॉन आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०२१ मध्ये. कॅलिफोर्नियात तर १९८० पासून, सांता बार्बराच्या खटल्यापासून, अशी मोजणी चालत नाही.

याचा शेजाऱ्याला अर्थ काय? पाटी लावलेलं फ्रॅट दिसतं तरी. खरी डोकेदुखी असते ती पाटी नसलेल्या घराची. शाखेचे वरच्या वर्गातले सात-आठ जण एक साधं भाड्याचं घर घेतात आणि पार्ट्या तिकडे हलतात. कागदावर ते घर ‘एककुटुंब’च असतं. ब्लूमिंग्टनमध्ये अशा घरावर तिघांच्या नियमाने बोट ठेवता येतं, शिवाय भाड्याच्या घराला शहराचं परमिट आणि तपासणी लागते. बोल्डरमध्ये भाड्याचा परवाना आहे, पण पाच बेडरूममध्ये सात मुलं हा आता स्वतःहून गुन्हा नाही. अर्थात नियम असला म्हणजे तो पाळला जातो असं नाही. बॉस्टनने २००८ मध्ये एका घरात पाच किंवा जास्त पूर्णवेळ पदवी विद्यार्थ्यांना मनाई केली, पण रात्री दारं ठोठावून डोकी मोजायची कुणी?

इथे आपल्या लोकांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. डोकी मोजायचा हा नियम एमएस करायला आलेल्या पुण्या-नागपूरच्या मुलांवरही तसाच लागू होतो. एका घरात पाच जण, हॉलमध्येही गादी, महिन्याचं भाडं वाटून, ही पहिल्या वर्षाची सर्रास पद्धत. ब्लूमिंग्टनच्या एककुटुंब विभागात ती बेकायदा आहे. घर पुढे भाड्याने द्यायचा विचार असेल तर तीनच नावांचा करार गृहीत धरून हिशेब करा. चौथा ‘पाहुणा’ आहे ही सबब तुम्हालाच महागात पडेल. बोल्डरमध्ये हा धोका नाही, पण तिथलं घर ब्लूमिंग्टनच्या दुपटीहून महाग, त्यामुळे भाड्यातून हप्ता निघणं कठीणच.

माझा कौल असा. लहान मुलं असतील, स्वतः राहायचं असेल, तर ब्लूमिंग्टनसारख्या नियमांचं गाव घ्या, आणि गावात ग्रीक घरांना परवानगी असलेल्या विभागापासून दोन-तीन गल्ल्या लांब राहा. एक अपेक्षा मात्र ठेवू नका: युनिव्हर्सिटीच्या हातातली मान्यतेची ती दोरी शुक्रवारच्या गाण्यांसाठी ओढली जात नाही. ती ओढली जाते रॅगिंग किंवा जीवघेणी दारू असं काही घडल्यावर. रोजच्या आवाजासाठी दोन्ही गावांत पोलिसांनाच फोन. घर गुंतवणूक म्हणून घ्यायचं असेल आणि खिशाला झेपत असेल तर बोल्डर चालेल, पण हिलवर स्वतः राहायला जाऊ नका.

सही करण्याआधी प्लॅनिंग खात्याला फोन करून तीन गोष्टी विचारा. शेजारचे भूखंड कोणत्या विभागात आहेत? जवळचं फ्रॅट हाउस आजच्या नियमाने वैध आहे की जुन्या हक्कावर, म्हणजे नियम येण्याआधीपासून होतं म्हणून, चालू आहे? आणि जुन्या हक्कावर असेल, तर किती महिने रिकामं राहिलं की तो हक्क जातो? अग्निसुरक्षेचंही विचारून घ्या. १९९६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिलला एका फ्रॅट हाउसच्या आगीत पाच विद्यार्थी गेले, त्यानंतर त्या गावाने सगळ्या ग्रीक घरांत स्प्रिंकलर सक्तीचे केले. तुमच्या गावात तशी सक्ती नसेल आणि शेजारचं घर लाकडी असेल, तर विम्याचा दर आधी काढून बघा.