हायब्रिड म्हणून विकलेली गाडी आणि तिची मोठी डिकी

जुन्या गाड्यांचा व्यापारी एखादी गाडी दाखवून ‘हायब्रिड आहे’ म्हणाला, तर लगेच विचारा, माइल्ड की स्ट्राँग? तो काय उत्तर देतो ते लिहून घ्या आणि खाली त्याची सही घ्या. आमच्याकडून या फरकापोटी तीन लाखांच्या आसपास जादा घेतले गेले. माल तर माइल्डचाच मिळाला.

गाडी मारुतीची ग्रँड व्हिटारा, ऑटोमॅटिक. गाडीबद्दल किंवा कंपनीबद्दल माझी तक्रार नाही, गाडी व्यवस्थित चालते. तक्रार आहे ती विकणाऱ्याबद्दल. घाटावरच्या एका शहरात त्याचं जुन्या गाड्यांचं मोठं दुकान आहे. वाद चालू आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

आमचं घर पावसच्या बाजूला, रत्नागिरीत. हापूसची कलमं आहेत. वाशीला दलालाकडे पेट्या पाठवायच्या आणि पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, कधी येते त्याची वाट बघत बसायचं, हे आम्ही हळूहळू कमी केलंय. एप्रिल-मेमध्ये पुठ्ठ्याचे दोन-दोन डझनांचे बॉक्स भरून हातखंबा, साखरपा, आंबा घाट, मलकापूर असं करत कोल्हापूरला थेट गिऱ्हाइकाच्या दारात. सीझन संपला की कोकम, फणसपोळी, कुळथाचं पीठ. गाडी बहुतेक वेळा मीच चालवते. त्यासाठी टेम्पो घ्यायचा नव्हता, कारण त्याच गाडीतून सासूबाईंना रत्नागिरीला डॉक्टरकडे न्यायचं असतं आणि गणपतीला मुंबईकर आले की सगळ्यांना फिरवायचंही असतं.

म्हणजे पेट्रोल कमी पिणारी हवी आणि डिकी मोठी हवी. सीएनजीचा विचार केला होता, पण टाकी डिकीत बसते आणि ऐन सीझनला पंपावर रांगेत उभं राहायचं म्हणजे मागे आंबे उकडतात. डिझेलची दुरुस्ती महाग. राहिलं हायब्रिड.

इथं जरा थांबून हायब्रिडचा प्रकार सांगते, कारण फसवणुकीचं मूळ तिथं आहे. माइल्ड हायब्रिडमध्ये एक छोटी बॅटरी आणि पट्ट्यावर चालणारं एक यंत्र असतं, ते इंजिनाला जोर लावताना थोडा हात देतं आणि ब्रेक मारला की थोडी वीज साठवतं. गाडी नुसत्या विजेवर चालत नाही. स्ट्राँग हायब्रिडमध्ये मोटर मोठी असते, कमी वेगात ती एकटीही गाडी ओढते आणि इंजिन बंद राहतं. ग्रँड व्हिटारात हे दोन्ही प्रकार आले. कंपनी माइल्डला ‘स्मार्ट हायब्रिड’ म्हणते आणि स्ट्राँगला ‘इंटेलिजंट इलेक्ट्रिक हायब्रिड’. स्ट्राँगचं प्रमाणित मायलेज लिटरला 27.97 किलोमीटर, माइल्ड ऑटोमॅटिकचं 20.58. नवीन घेताना स्ट्राँगची सुरुवातच 2022 मध्ये 17.99 लाखांपासून होती. तेव्हा दोन्हींच्या जुन्या गाड्यांच्या भावातही चांगलाच फरक पडतो.

आता डिकी. स्ट्राँगची मोठी बॅटरी कुठंतरी ठेवावी लागते, आणि या गाडीत ती डिकीच्या तळाखाली आहे. माइल्डची डिकी 373 लिटर, स्ट्राँगची त्याहून सुमारे शंभर लिटरनं कमी. ही एकाच गाडीची गोष्ट नाही. होंडा सिटी पेट्रोलची डिकी 506 लिटर आणि तिच्याच हायब्रिडची 306. इनोव्हा हायक्रॉसमध्ये बॅटरी पुढच्या सीटच्या भागात बसवलीय, म्हणून मागची जागा वाचते, पण ती गाडी आमच्या ऐपतीबाहेर. त्यामुळे बेताच्या किमतीत ‘स्ट्राँग हायब्रिड, वर भरपूर डिकी’ असं कुणी एकाच दमात सांगितलं, तर दोहोंपैकी एक गोष्ट खोटी असण्याचा संभव दाट आहे.

त्यानं नेमकं तेच सांगितलं. व्हॉट्सॲपवरच्या त्याच्या जाहिरातीत गाडीच्या फोटोवर मोठ्या अक्षरात ‘स्ट्राँग हायब्रिड, मायलेज 27.97, बॅटरी वॉरंटी 8 वर्षं’ असं होतं. कंपनी स्ट्राँगच्या मोठ्या बॅटरीला 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी देते हे खरंच आहे. म्हणजे त्याचे सगळे आकडे खरे होते, फक्त दुसऱ्या गाडीचे.

आम्ही गेलो तेव्हा त्यानं आधी डिकीच उघडली. “वहिनी, बघा. अख्खी बाग मावेल तुमची.” मी सोबत नेलेले रिकामे बॉक्स लावून बघितले, दोन थर आरामात बसले. मागच्या दारावर चकचकीत ‘हायब्रिड’ असा बिल्ला होता. त्यानं आरसीचं कार्ड दाखवलं, त्यावरही इंधनाच्या जागी पेट्रोल/हायब्रिड असं छापलेलं. (माइल्डच्या कार्डावरही हेच असतं, हे तो जाणून होता.) विमा पॉलिसी मागितली तर म्हणाला, जुन्या मालकाकडे आहे, पाठवतो.

मग चक्कर मारायला नेलं. तो स्वतः चालवत होता. एका सिग्नलला गाडी थांबली आणि इंजिन बंद पडलं. त्यानं हात वर करून आम्हाला गप्प केलं. “ऐका. येतोय काही आवाज? इंजिन बंद. आता आपण बॅटरीवर.” समोरच्या छोट्या पडद्यावर बॅटरीचं चित्र होतं, एसीचा पंखा चालू होता, आवाज खरंच नव्हता. सिग्नल सुटला, त्यानं ब्रेकवरचा पाय काढला, गाडी सुटली. पडद्यावर बॅटरीकडून चाकाकडे जाणारा बाण उमटला. यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. म्हणजे सौदा झाला.

त्या सिग्नलवर काय झालं ते आता सांगता येतं. गाडी पूर्ण थांबली की इंजिन आपोआप बंद करायची सोय माइल्डमध्येही असते. ब्रेक सोडला की ते पुन्हा चालू होतं, आणि पट्ट्यावरच्या यंत्रानं चालू होत असल्यामुळे नेहमीच्या स्टार्टरसारखी घरघर होत नाही. शहरातल्या गोंगाटात, काचा बंद असताना, कळतही नाही. बाणही खोटा नसतो, इंजिनाला थोडा हात दिला जातोय एवढंच तो दाखवतो. थांबलेल्या गाडीचं इंजिन बंद असणं आणि चालत्या गाडीचं बंद असणं यातली गल्लत त्यानं मुद्दाम करून दिली. इतकी सफाई एका दिवसात येत नाही, हा खेळ तो आधी कितीदा खेळला असेल कोण जाणे.

साडेचौदा लाख दिले. तशाच वर्षाची, तेवढीच चाललेली माइल्ड तेव्हा साडेअकराच्या आसपास मिळत होती, हे नंतर समजलं. पावतीवर त्यानं ‘ग्रँड व्हिटारा हायब्रिड ऑटोमॅटिक’ एवढंच लिहिलं. विमा ट्रान्सफर व्हायला हवा म्हणून मी मागे लागले (मालकी बदलली की 14 दिवसांत विमा कंपनीला कळवायचं असतं), तर पॉलिसीचा फोटो आला, वरचा भाग कापलेला. मॉडेलचं पूर्ण नाव नेमकं त्याच भागात असतं.

मायलेज पहिल्यापासून बसेना. माल भरून घाट चढताना लिटरला चौदा-पंधरा, सपाटीला सतरा. फोन केला की तो म्हणायचा, गाडी अजून तुमच्या हाताला बसली नाही. मग म्हणाला टायरची हवा बघा. मग म्हणाला, “वहिनी, कोकणातले रस्तेच तसले, त्याला कंपनी काय करणार?” हे शेवटचं जरा पटण्यासारखं असल्यामुळे जास्त चीड आणणारं होतं. पाऊस सुरू झाल्यावर बिल्ल्याची एक कड सुटली. खाली दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, आणि तीही साध्या दुकानातली.

उलगडा झाला कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या दारात. त्यांनी नवीच ग्रँड व्हिटारा घेतली होती, शोरूममधून, स्ट्राँग. बॉक्स उतरवून घेताना ते माझ्या डिकीत वाकले आणि तसेच थबकले. “ओ वहिनी, तुमच्या डिकीचा तळ एवढा खाली कसा काय?” त्यांनी त्यांची डिकी उघडली. तळ चांगलाच वर उचललेला होता. माझे दोन थर तिथं बसलेच नसते. मग त्यांनी मला त्यांच्या गाडीत बसवलं. गिअरच्या दांड्याजवळ डी नंतर बी होतं, घाट उतरताना वापरायचं. माझ्या गाडीत ते नाही. ईव्हीचं वेगळं बटण होतं, ते दाबून त्यांनी गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेली, इंजिन चालू न होता. कडेला झोपलेल्या कुत्र्यानंसुद्धा डोकं वर केलं नाही.

त्यानंतर त्यांनी दोन्ही आरसी कार्डं बॉनेटवर शेजारी-शेजारी ठेवली. त्यांच्या कार्डावर सिलिंडर 3, क्षमता 1490 सीसी. माझ्यावर सिलिंडर 4, क्षमता 1462 सीसी. स्ट्राँगला तीन सिलिंडरचं इंजिन येतं, माइल्डला चार सिलिंडरचं. बिल्ला कुणीही चिकटवू शकतो, जाहिरातीत काहीही लिहू शकतो. आरसीवरचे हे दोन आकडे मात्र व्यापाऱ्याला बदलता येत नाहीत. ही गाडी घेणार असाल तर दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, सौदा करण्यापूर्वी हे आकडे वाचा. दुसरी कुठली हायब्रिड असेल तर चासी नंबर घेऊन त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा, नेमकं मॉडेल तिथं कळतं. आम्हीही रत्नागिरीत जाऊन तसं लेखी घेतलं.

व्यापाऱ्याला फोन लावला. आवाज जराही चढला नाही. “हायब्रिडच दिलीय ना? कागदावर काय लिहिलंय ते वाचा. पेट्रोल/हायब्रिड. पावतीवर हायब्रिड. मी कुठं स्ट्राँग म्हटलं?” खरी मेख तिथं आहे. त्यानं दिलेली वस्तू हायब्रिडच आहे, आणि जिथं ‘स्ट्राँग’ लिहिलं होतं ती जाहिरात त्यानं काढून टाकली होती. पण गाडी बघायला जाण्याआधी मी ती माझ्या भावाला पाठवली होती, तारखेसह त्याच्या फोनमध्ये शाबूत आहे. बॅटरी वॉरंटीबद्दलचा त्याचा आवाजी निरोपही आहे. जुनी गाडी घेताना जाहिरात, निरोप, किमतीची घासाघीस, सगळं जपून ठेवा. आणि फोनवर झालेलं बोलणं लगेच मेसेजवर लिहून पाठवा: ‘तुम्ही आत्ता म्हणालात की गाडी स्ट्राँग आहे, बरोबर ना?’ त्यावर उत्तर नाही आलं तर तेही उत्तरच.

आणखी एक गोष्ट कामाला आली. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओकडून अधिकृत व्यापारी म्हणून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि गाडी त्याच्याकडे विकायला आली की तसं ऑनलाइन कळवावं लागतं. आमच्या वकिलांनी नोटिशीत पहिला प्रश्न तोच घातला: प्रमाणपत्राची प्रत द्या. मधल्या काळात फोन उचलणंच बंद केलेल्या माणसाचा त्याच आठवड्यात स्वतःहून फोन आला.

पुष्कळ जण ‘घाटावर कोण हेलपाटे घालणार’ म्हणून गप्प बसतात. तसं करायचं कारण नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे आम्हाला रत्नागिरीत. दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच बघतो. दहा ते वीस लाखांच्या व्यवहाराला फी 400 रुपये. मुदत दोन वर्षांची. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला तरी तिथं तक्रार नोंदवून घेतात. पोलिसात जायचं की नाही यावर घरात दोन मतं आहेत. दिरांचं म्हणणं, जायलाच हवं. वकील म्हणतात, आधी आयोग.

गाडी सध्या आमच्याकडेच आहे, सीझन तिच्यावरच गेला. खरं सांगायचं तर माझ्या कामाला माइल्डच बरी, कारण एवढे बॉक्स स्ट्राँगमध्ये मावलेच नसते. ती मी साडेअकरा लाखांना आनंदानं घेतली असती. हा मुद्दा व्यापाऱ्यानंही मांडून बघितला, “तुमचं काम तर होतंय ना, वहिनी?” त्यावर यांनी जे उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आता त्याचा निरोप आलाय. साठ हजार परत देतो, तक्रार करू नका आणि झाल्या प्रकाराबद्दल कुठं काही लिहू-बोलू नका. वकिलांनी विचारलं, काय कळवू? मी म्हटलं, आधी मला लिहून होऊ दे.